बॅटरी-उतार, दुचाकीतील

चावी बंद करून उभ्या ठेवलेल्या दुचाकीची बॅटरी हळूहळू रिकामी होणे, तसेच त्याचे कारण घरी मोजमाप करून शोधण्याची रीत. पुण्याच्या बोलण्यात ‘बॅटरी उतरली’, ‘बॅटरी बसली’ आणि ‘गाडी करंट खाते’ हे प्रयोग सरमिसळ वापरले जातात. निदानाच्या दृष्टीने ते वेगळे ठेवणे इष्ट : उतरणे म्हणजे साठा संपणे, बसणे म्हणजे साठा धरण्याची क्षमताच जाणे आणि करंट खाणे म्हणजे चावी बंद असतानाही वायरिंगमधून प्रवाह वाहत राहणे.

दुचाकीच्या बॅटरीत सामान्यतः शिसे-अम्ल घट असतात. अशा घटाचे श्रेय सामान्यतः गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांना (१८५९) दिले जाते. तथापि सल्फ्यूरिक अम्लात बुडवलेल्या शिशाच्या पट्ट्या विद्युत् साठवतात, हे व्हिल्हेल्म झिन्स्टेडेन यांनी १८५४ च्या सुमारास नोंदवले होते. त्यामुळे काही लेखक अग्रमान त्यांना देतात. त्याही मागे जायचे तर योहान रिटर यांची तांब्याच्या चकत्यांची दुय्यम (पुन्हा चार्ज होणारी) चिती १८०३ च्या आसपासची आहे. निरीक्षण आणि वापरता येईल असा घट यांत फरक केल्यास प्लांते यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. घट रिकामा होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, हा ग्लॅडस्टन व ट्राइब यांचा सिद्धांत १८८२ चा. प्रस्तुत विषयाला तोच महत्त्वाचा आहे; कारण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की या सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत. उतरलेली बॅटरी पुढे बसते, ती अशी.

मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला बॅटरी नसली तरी किक पुरे होई. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके आली आणि फ्यूएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबाने इंधन फवारणे) जवळपास सार्वत्रिक झाले. इंधनाचा पंप व इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बॅटरीवर अवलंबून असल्याने पूर्ण रिकाम्या बॅटरीवर धक्का मारूनही गाडी बहुधा सुरू होत नाही.

निदानाला मल्टिमीटर लागतो. पुण्यात तो तपकीर गल्लीत, तर सुटे भाग नाना पेठेत मिळतात. प्रथम, गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीचा विद्युत् दाब (व्होल्टेज) पाहावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, सुमारे १२.२ म्हणजे अर्धी. चार्ज करूनही दाब १०.५ च्या आसपासच राहिला, तर सहापैकी एक घट गेल्याची शंका घ्यावी. इंजिनाला वेग दिल्यावर दाब साधारण १३.५ ते १४.८ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष चार्जिंगचा, म्हणजे मॅग्नेट कॉइल, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा मधल्या कनेक्टरचा असतो; अशा वेळी गळती, म्हणजे चावी बंद असताना वाहणारा प्रवाह, शोधत बसणे व्यर्थ. बऱ्याच जणांची या टप्प्याआधीच नवी बॅटरी घेऊन झालेली असते.

गळती मोजताना चावी बंद ठेवून ऋण टोकाची वायर सोडवावी आणि ती वायर व टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा. आकडा अगदी लहान दिसल्यास मिलिअँपिअरवर यावे. ऋण टोक आधी सोडवण्याचे कारण असे की धन टोकावरचा पाना चेसिसला टेकला तर शॉर्ट होते. स्वस्त मीटरच्या १० अँपिअर खाचेला पुष्कळदा फ्यूज नसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये आणि अँपिअरवर लावलेला मीटर थेट दोन टोकांवर धरू नये. घड्याळ व नियंत्रक यांपोटी एखाद-दुसरा मिलिअँपिअर क्षम्य आहे. ३० मिलिअँपिअर मात्र दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खातो. ५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने आठवड्यात संपते, सेल्फ त्याआधीच टिकटिक करू लागतो. मग एकेक फ्यूज काढून आकडा कशाने पडतो ते पाहावे. आरआर युनिटचा कनेक्टर काढताच आकडा पडला तर आतला डायोड गळतो आहे. बाहेरून बसवलेले जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर हे नेहमीचे संशयित. चावीआधीच्या वायरीतून जोडलेले असल्यास ते रात्रंदिवस चालू राहतात.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ पाहण्याची पद्धत काही मेकॅनिक अजून वापरतात. ती डायनामोच्या काळातली असावी. तिच्या बाजूने अनुभव सांगितला जातो, परंतु बॅटरी सुटताच दाब एकाएकी उसळून नियंत्रक जळू शकतो. इंजेक्शनच्या गाडीवर ती टाळणेच बरे.

फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असाही समज आहे. त्याचे मूळ लाकडी वा कडक रबराच्या जुन्या पेट्यांत शोधले जाते. ओलसर, मळकट पेटीवरून थोडा प्रवाह वाहणे शक्य होते. पॉलिप्रोपिलीनच्या पेटीला हे लागू नाही. उष्णतेचे तसे नाही : तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास बॅटरीतील साठ्याचा आपोआप होणारा ऱ्हास सुमारे दुप्पट होतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात महिनाभर उभी राहिलेली गाडी गळती नसतानाही उतरलेली आढळू शकते.