वाऱ्याला पाठ देऊ नका

वारा पाहून पाठ द्यावी हे व्यवहारात कितीही शहाणपणाचं असलं, तरी लहान शिडाच्या होडीत ते मला चांगलंच महागात पडलं. शिकायला लागून जेमतेम महिना झाला होता. सकाळपासून वारा वाढत होता, पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला होता. म्हणून मी होडी वळवली आणि वारा पाठीवर घेऊन निघालो. बघतो तर सगळं एकदम शांत! कानातलं घोंघावणं थांबलं, अंगावर उडणारे तुषार बंद झाले, ऊनसुद्धा उबदार वाटायला लागलं. उगाच घाबरलो की काय, असं म्हणत मी शिडाची दोरी खाचेत अडकवून टाकली आणि होडी धक्क्याकडे वळवली. पुढच्या चार सेकंदांत मी पाण्यात होतो आणि शीड शेजारी आडवं पसरलं होतं.

वारा तसूभरही कमी झालेला नव्हता. होडीला कळतो तो वारा आणि किनाऱ्यावर उभ्या माणसाला कळतो तो वारा, हे दोन वेगळे असतात, एवढंच. खरा वारा ताशी ३६ किलोमीटरचा आहे आणि आपण त्याच्याच दिशेने ताशी १२ ने चाललोय, तर अंगाला लागणारा वारा उरतो २४ चा. आता वळून वाऱ्याकडे ४५ अंशांत तोंड करा आणि ताशी ९ ने चला. दोन्ही वेगांची सदिश बेरीज केली की उत्तर येतं जवळजवळ ४३. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एका वळणात शिडावरचा दाब तिपटीच्या पुढे गेला. मी जे भोगलं ते हे वर्गाचं गणित.

हे गणित किलोमध्ये मांडलं की जास्त बोचतं. एका माणसाने चालवायच्या होडीचं शीड साधारण ७ चौरस मीटर असतं. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने १३ किलो वजनाएवढा जोर येतो. वारा दुप्पट, म्हणजे ३६ चा झाला, की तोच जोर ५० किलोच्या वर. हा जोर शिडाच्या मध्यावर, तर पाण्याचा विरोध खाली होडीच्या तळातून उतरलेल्या फळीवर. दोन्हींत अडीच मीटरचं अंतर. म्हणजे आडवं पाडणारी पीळशक्ती (किलोतला जोर गुणिले मीटरमधलं अंतर) पहिल्यांदा ३२ होती, ती आता १२८ झाली. विरोधाला काय आहे? ७५ किलोचा माणूस, पाय पट्ट्यात अडकवून काठाबाहेर मागे झुकलेला, होडीच्या मध्यरेषेपासून १.१ मीटरवर. गुणाकार ८२. पोटाचे स्नायू कितीही थरथरोत, त्याच्या पुढे आकडा जात नाही. ८२ ची बरोबरी होते ती ताशी २९ किलोमीटरच्या आसपास. त्यावरचा सगळा जोर सोडून द्यावाच लागतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी बनवली, तिच्यातला पाचवा टप्पा बरोबर इथेच सुरू होतो. त्या मूळ पट्टीत वेगाचे आकडेच नव्हते. अमुक वाऱ्यात युद्धनौका किती शिडं पेलू शकते, हे तिचं माप होतं. मला ते फार पटतं.

मग जोर सोडायचा कसा? दोरी सैल करून. इतकं सोपं आहे म्हणून नवशिक्याला सुचत नाही. घाबरलं की मूठ आवळते, ही शरीराची जुनी सवय.

वारा शिडाला मागून ढकलतो हे आपल्या डोक्यातलं चित्र अर्धंच खरं. वारा बाजूने किंवा तिरका समोरून येतो तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. हवेला वळवतं आणि त्या बदल्यात स्वतः ओढलं जातं. (शिडाच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्या हवेला ठरल्या वेळी गाठायचं असतं म्हणून ती पळते, हे स्पष्टीकरण अजून पुस्तकांत छापून येतं. हवेच्या दोन कणांनी अशी भेटीची वेळ ठरवलेली नसते. प्रयोगात धूर सोडून पाहिलं तर बाहेरची हवा पलीकडे आधीच पोचलेली दिसते.) पंखाचा जोर हवेशी होणाऱ्या कोनावर ठरतो. दोरी सोडली की शीड वाऱ्याच्या दिशेत येतं, झेंड्यासारखं फडफडतं आणि जोर जवळपास शून्य. प्रचंड आवाज होतो, छातीत धस्स होतं, पण होडी निमूट सरळ उभी राहते.

आता माझा आवडता भाग. झोत येतो तेव्हा तो नुसता जोराने येत नाही, त्याची दिशाही बदललेली वाटते. समजा खरा वारा बरोबर आडवा, ताशी १८ चा, आणि होडी ९ ने चाललीय. होडीच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून ९ चा वारा तयार होतो. दोघांची बेरीज होऊन आपल्याला वारा होडीच्या नाकाच्या रेषेपासून ६३ अंशांवरून येतोय असं वाटतं आणि शीड आपण त्याप्रमाणे लावलेलं असतं. झोत आला, १८ चा ३६ झाला. होडीला वेग घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर ती ९ वरच. आता कोन ७६ अंश. वारा १३ अंशांनी मागे सरकला. शीड जागेवरच आहे, म्हणजे हवेशी त्याचा कोन तेवढ्याने वाढला, तोही नेमका जोर तिपटीने वाढत असताना. होडी कलली की आणखी एक भानगड: शीड पाण्यावर बाहेर झुकतं, त्याची ओढ एका बाजूला आणि तळाचा विरोध दुसऱ्या बाजूला पडतो, आणि या जोडीमुळे नाक आपोआप वाऱ्याकडे फिरायला लागतं. नवशिका सुकाणू जीव खाऊन ओढतो. पण कललेल्या होडीचं सुकाणूही कललेलं असतं, त्याची पकड सुटते. आधी दोरी सोडून होडी सरळ केली तर तेच सुकाणू दोन बोटांनी वळतं.

वारा पाठीवर असताना मात्र हा ब्रेक नाही. शीड आधीच पूर्ण बाहेर सोडलेलं, आणखी सोडणार कुठे? त्यात ते डुलायला लागतं. समजा शीड उजवीकडे उघडलंय आणि डोलकाठीचं टोक डावीकडे हललं. टोकाला आता वारा किंचित डावीकडून येतोय असं भासतं, हवा डोलकाठीकडून शिडाच्या मोकळ्या कडेकडे वाहते आणि पंखासारखी जी ओढ तयार होते ती डावीकडेच. उजवीकडे हललं की सगळं उलट आणि ओढही उजवीकडे. एरवी हवा हालचालीला विरोध करते. इथे ती झोक्यावरच्या मुलाला प्रत्येक वेळी योग्य क्षणी धक्का देणाऱ्या भावंडासारखी वागते. चार-पाच हेलकाव्यांत होडी वाऱ्याच्याच बाजूला, म्हणजे शिडाच्या उलट बाजूला, उलटते. उपाय तीन: दोरी थोडी आत ओढून घ्या, तळाची फळी पूर्ण वर उचलू नका, आणि वारा अगदी पाठीवर न ठेवता खांद्यावर, म्हणजे किंचित तिरका मागून, घ्या. शिडाची बाजू बदलताना त्याच्या तळाची आडवी दांडी डोक्यावरून सपकन जाते. भरवसा नसेल तर तो बेत सोडून नाक वाऱ्यातून फिरवून लांबचा वळसा घ्यावा. कोणी हसलं तर हसू दे.

शीळ घातली की वारा चढतो, अशी युरोपातल्या खलाशांची जुनी समजूत. होडीत शीळ घालायला बंदी असायची म्हणे. शीळ घालणाऱ्याकडे बघण्यापेक्षा पाण्याकडे बघावं. झोत येतो तिथे बारीक तरंग उठतात, आकाशाचं प्रतिबिंब मोडतं आणि पाण्यावर काळपट डाग सरकताना दिसतो. तो पोचायच्या आधी काठाबाहेर झुकायचं आणि पोचताक्षणी वीतभर दोरी सोडायची.

एवढं करूनही उलटलात तर होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायला लागू नका. पाण्यातलं डोकं कोणाला दिसत नाही, उलटी होडी दिसते. दोरी सोडवा, नाक वाऱ्याकडे करा, मग तळाच्या फळीवर उभे राहून काठ धरून मागे झुका. शीड पाण्यातून सुटायला वेळ लागतो. आधी कडेने पाण्याची धार गळायला लागते आणि मग एकाएकी सगळं हलकं होतं. मी त्या दिवशी पंधरा मिनिटं फळीवर नुसताच लटकत होतो, कारण खाचेतली दोरी तशीच अडकलेली होती आणि शीड पाण्यावर तव्यासारखं चिकटलं होतं.