श्रोणितल पुनर्वसन (मलाशय-कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे)

मलाशयाचा कर्करोग काढून आतडे गुदद्वाराजवळ पुन्हा जोडल्यावर शौचावरील ताबा सुधारण्यासाठी दिले जाणारे श्रोणितलाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, स्नायूंचे प्रशिक्षण. मल साठण्याची जागाच कमी झाल्याने रुग्णाला वारंवार व एकाएकी शौचास जावे लागते. वायू किंवा पातळ मल रोखता येत नाही. या त्रासाच्या मोजणीसाठी डेन्मार्कमधील एमर्टसेन व लाउरबर्ग यांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची गुणपट्टी मांडली (० ते ४२, ३० पासून पुढे तीव्र).

उगम : या व्यायामांचे जनकत्व सहसा अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल (१९४८) यांना दिले जाते. ब्रिटनमध्ये मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ च्या सुमारास असेच व्यायाम सांगितले होते. काही लेखक उगम हठयोगातील मूलबंधात पाहतात. स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त (बहुधा १५ वे शतक) टाचेने दाब देऊन गुद आकुंचित करण्याचा विधी आहे, अश्विनी मुद्रा (गुद वारंवार आकुंचित करून सैल सोडणे) ‘घेरण्डसंहिते’त येते, तिचा काळ बहुतेक अभ्यासक १७००च्या आसपास मानतात. क्रियेतील साम्य उघड आहे. तथापि तेथील हेतू अपानवायू (योगानुसार शरीरात खाली वाहणारा प्राण) वर नेण्याचा आहे, आणि केगेल यांनी प्रसूतीनंतरच्या मूत्रगळतीसाठी दाबमापक वापरून पद्धत बसवली. त्यामुळे थेट परंपरा जोडण्यापेक्षा स्वतंत्र उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मलाच्या गळतीसाठी स्नायूचा प्रतिसाद उपकरणाच्या साहाय्याने रुग्णालाच दाखवण्याची पद्धत १९७४ मध्ये एंगेल व सहकाऱ्यांनी वर्णिली.

पद्धती व मर्यादा : वायू रोखावा तसे गुदद्वार आवळून काही सेकंद धरणे, मग पूर्ण सैल सोडणे, श्वास रोखायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत. गुदद्वाराभोवतीचा बाहेरचा स्नायू असा बळकट होतो. आतला स्नायू इच्छेने हलत नाही. विश्रांतीतला बहुतेक दाब मात्र त्याचाच असतो, म्हणून फार खालची जोडणी वा किरणोपचार झालेल्यांना फायदा मर्यादित राहू शकतो. बेल्जियममधील एका चाचणीत (२०२२) व्यायाम करणाऱ्या गटाला चौथ्या व सहाव्या महिन्यात अधिक आराम दिसला, वर्षअखेरीस गटांतील फरक उरला नाही. आराम लवकर मिळणे हेही रुग्णासाठी मोठे आहे.

सोलापूर जिल्हा : बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. येथील आहाराचा विचार व्यायामाबरोबरच व्हावा. कडक ज्वारीची भाकरी व तिखट शेंगदाणा चटणी काहींची शौचाची घाई वाढवतात. इसबगोल मल घट्ट करण्यास उपयोगी पडतो. पोटावर मल गोळा करणारी तात्पुरती पिशवी असतानाच, शल्यचिकित्सकाच्या संमतीने, व्यायाम शिकून घेता येतात.