लेकराची नाडी १५८ : घाबरायचं कधी आणि थांबायचं कधी

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४२ डिग्री ऊन, आणि आज्जी सव्वा वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन कॅज्युअल्टीत शिरतात. "सिस्टर, काळीज कसं धडधड करायलंय बगा की ह्याचं." बोटाला नाडी मोजायचा प्रोब लावला तर नाडी १५८. मॉनिटर मोठ्या माणसांच्या सेटिंगवर होता, लगेच ओरडायला लागला, ते ऐकून लेकराची आई पण रडायला लागली. मोठ्या माणसाची नाडी बसल्या जागी १५८ असती तर मी पळत जाऊन डॉक्टरांना आणलं असतं. पण ह्या लेकराला ताप होता १०३, ते जोरात रडत होतं, आणि वय सव्वा वर्ष, हे तिन्ही धरल्याशिवाय त्या १५८ वरून काहीच ठरवता येत नाही.

लहान लेकराचं हृदय इवलंसं, एका ठोक्यात रक्त थोडंच ढकलतं आणि ते फारसं वाढवता येत नाही. उलट किलोमागे ऑक्सिजन मात्र त्याला मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो, मग ठोके वाढवण्याशिवाय त्याच्याकडे दुसरा इलाजच नसतो. २०११ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, ६९ अभ्यासांतली मुलांची नाडी आणि श्वास एकत्र करून वयाप्रमाणे तक्ते काढले, त्यात महिन्याच्या बाळाची मधली नाडी १४५ आली आणि दोन वर्षांच्या मुलाची ११३. तेव्हा वापरात असलेले बरेच तक्ते ह्याच्याशी जुळत नव्हते हेही त्यात दिसलं. शिवाय ताप एक डिग्री सेल्सिअस चढला की नाडी साधारण १० ने वाढते, १०३ फॅरनहाइट म्हणजे नेहमीपेक्षा अडीचेक डिग्री सेल्सिअस जास्त, तेव्हा ह्या लेकराच्या १५८ मधले वीस-पंचवीस ठोके नुसत्या तापाचे, वर रडण्याचे वेगळे. तापाचं औषध दिलं, अंगावरचं झबलं सैल केलं, आणि थोड्या वेळाने परत बघायचं ठरवलं.

त्याच बाकावर शेजारी एक तीन वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावर मान टाकून पडलेली होती. रडत नव्हती, काही मागत नव्हती. रात्रीपासून जुलाब. ताप नाही. बाप म्हणाला, "आता शांत झालीय, मगापासून झोपायलीय." मला सगळ्यात जास्त भीती ह्या शांत लेकरांची वाटते. नाडी १७२. वरचा बीपी ८६, आणि त्या वयाला खालची हद्द ७० अधिक वयाची दुप्पट म्हणजे ७६, तर कागदावर बीपी चांगलाच. पण हात धरला तर थंडगार, आणि तेही एवढ्या उन्हाळ्यात! बोट दाबून सोडलं तर लाली परत यायला चार सेकंद लागले, तीनच्या वर म्हणजे धोका, नाडी पण बारीक लागत होती. तिला सरळ आत नेलं.

बीपीने लई फसगत होते. किलोमागे ८० मिली धरलं तर दहा किलोच्या लेकराच्या अंगात रक्त फक्त ८०० मिली. जुलाबाने अंगातलं पाणी जाऊन ते कमी पडायला लागलं की शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, ठोके वाढवतं आणि बीपी धरून ठेवतं, पाव हिस्सा गेला तरी धरून ठेवतं, आणि मग एकदम सोडून देतं. बीपी पडायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला तर आकडा खोटाच कमी येतो, ते वेगळंच.

श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजायचा. बाळं मधेच थांबून श्वास घेतात, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, असा श्वास चालत असेल तर तो जलद. लेकरू शांत असताना, पाजत नसताना मोजा. छाती आत ओढली जात असेल तर आकड्यासाठी थांबू नका. आणि धाप लागलेल्या लेकराचा श्वास हळू व्हायला लागला आणि ते सुस्त पडलं, तर ते दमलंय, बरं झालेलं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग गार लागणं हे तापाइतकंच वाईट.

बीपीच्या फसगतीत विंचवाचंही सांगायलाच पाहिजे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, त्यांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायचं काम केलं आणि किती लेकरं वाचली. लाल विंचवाच्या विषाने घाम, उलटी, हातपाय गार, पण सुरुवातीला बीपी उलट चढलेला असू शकतो. म्हणून असं लेकरू आलं की बीपी कितीही दिसो, रांगेत बसवायचं नाही.

तासाभराने आज्जींच्या लेकराकडे परत गेले. ताप १००, नाडी १२६, हात गरम, आणि ते पदर तोंडात घालून आज्जींकडे बघत हसत होतं. नाडी तशीच पळत राहिली असती तर त्यालाही आत नेलं असतं. आज्जी म्हणाल्या, "आता नाही धडधड करायलं." मी केसपेपरवर वेळ टाकून दुसरी नाडी लिहिली, पहिलीच्या खाली.