पहिली डिझेल इंजिनं जपायची तर आत्ताच

पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि सातारा, कराड, सांगली या स्टेशनांवरची अल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याच्या डिझेल इंजिनांची धडधड विरत चालली. वाफेच्या इंजिनाबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं. डिझेलचा इतिहास मात्र भंगाराच्या लिलावात निघून जातोय, म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी ठरलं, पण ते रुळांवर आणणं सोपं नव्हतं. वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून जोर लावतं. डिझेल इंजिन आधी फिरतं असावं लागतं, मगच ते ओझं ओढतं. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने डिझेलची ताकद थेट चाकांना जोडून पाहिली. गाडी हलवायला दाबाखालची हवा वापरावी लागे आणि तो प्रयोग टिकला नाही. तोडगा पुढे निघाला तो असा: डिझेलने जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवर आसांच्या मोटरी चालवायच्या. याच पद्धतीचं १९२५ चं अमेरिकी शंटिंग इंजिन (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं) आजही बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे धावलेली डिझेल इंजिनंही बहुतेक याच वाटेची.

१९५७-५८ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-१ जातीची शंभर इंजिनं भारतात आली. मागोमाग आली २६०० अश्वशक्तीची, सोळा सिलिंडरची डब्ल्यूडीएम-२. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. खुद्द अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, तरी वाराणसीत तो आराखडा पुढे कित्येक वर्षं जिवंत राहिला.

आपल्या भागाला या काळाचं मोल जास्त आहे. १९७१ पर्यंत पुणे-मिरज मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांचं होतं आणि पुण्यापुढे मुंबईपर्यंत रुंद रुळांचं ब्रॉडगेज, त्यामुळे मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे. ब्रॉडगेज झाल्यावर शिंदवणे आणि आदर्कीचे घाट चढून गाड्या वर आणल्या त्या मुख्यतः डिझेल इंजिनांनी. ऊस, साखर, माणसं, सगळं त्यांच्याच मागे.

जपणुकीत मात्र आपण मागे आहोत, आणि एकटे नाही. ब्रिटनने मुख्य मार्गावरची आपली पहिली दोन डिझेल इंजिनं, १०००० आणि १०००१, भंगारात काढली. आता तिथले हौशी लोक त्यातल्या एकाची नव्याने प्रतिकृती उभी करत आहेत. जनित्र आणि मोटरींमधल्या तांब्याला भाव मिळतो, त्यामुळे डिझेल इंजिन आतून पोकळ व्हायला वेळ लागत नाही. बाहेरून रंगवलेला पोकळ सांगाडा चौथऱ्यावर ठेवणं म्हणजे जतन नव्हे.

ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही पाहिलेल्या मिरजेत एक अल्को आतल्या यंत्रासकट, छपराखाली ठेवायला हवं. सुटे भाग अजून मिळू शकतात. ते इंजिन खोलून पुन्हा जोडणारे फिटरही अजून हयात आहेत. त्यांना या कामात बोलवायला हवं.