फ्रेनिक तंत्रिका उद्दीपन (पेसमेकरजन्य)

पेसमेकरचा विद्युत स्पंद हृदयाच्या स्नायूबरोबरच शेजारून जाणाऱ्या फ्रेनिक तंत्रिकेलाही उत्तेजित करतो व त्यामुळे मध्यपटल (श्वासपटल) ठोक्यागणिक आकुंचन पावते, त्या स्थितीस ही संज्ञा आहे. हृदय निष्फलतेच्या रुग्णांत दोन्ही जवनिकांना (हृदयाच्या खालच्या कप्प्यांना) एकाच वेळी चालना देणाऱ्या उपचारात, म्हणजे सीआरटीमध्ये (कार्डियाक रीसिंक्रोनायझेशन थेरपी), ही अडचण विशेष आढळते. उचकीसारखे झटके किंवा बरगड्यांखाली होणारी धडधड ही लक्षणे बहुधा डाव्या कुशीवर झोपल्यावर वाढतात.

सीआरटीचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी मतभेद आहेत. स्पेनमधील दे तेरेसा व सहकाऱ्यांचे १९८३ चे निरीक्षण काही जण आद्य मानतात, तर काही जण अमेरिकेतील मॉर्टन मॉवर यांच्या १९९० च्या पेटंटाला अग्रमान देतात. प्रत्यक्ष रुग्णातील चारही कप्प्यांच्या पेसिंगचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील काझो व सहकाऱ्यांच्या १९९४ च्या वृत्तांताला दिले जाते. त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही असे प्रयत्न चालू होते. प्रस्तुत विषयापुरते पाहता, डावी लीड (हृदयापर्यंत स्पंद नेणारी तार) कोरोनरी सायनसमार्गे (हृदयाच्या मुख्य शिरेतून) हृदयावरील शिरेत नेण्याची दोबेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत अधिक निर्णायक म्हणावी लागेल. छाती उघडून लीड टाकताना शल्यचिकित्सकाला तंत्रिका दिसते आणि ती टाळून जागा निवडता येते; शिरेतून जाणाऱ्याला शीर नेईल तिथेच जावे लागते.

डावी फ्रेनिक तंत्रिका मानेतील तिसऱ्या ते पाचव्या मेरुतंत्रिकांपासून निघून हृदयावरणावरून, डाव्या जवनिकेच्या बाजूच्या भिंतीलगत खाली उतरते. सीआरटीसाठी पसंतीच्या पार्श्व व पश्च-पार्श्व शिरा नेमक्या याच भागात आहेत. उलट दिशेचा संबंध, म्हणजे हृदयाच्या विद्युतेने तंत्रिका चेतणे, फार पूर्वी दिसला होता: धडधडत्या हृदयावर ठेवलेल्या बेडकाच्या तंत्रिकेमुळे तिचा स्नायू प्रत्येक ठोक्याला आखडतो, हे कोलिकर व म्युलर यांनी १८५६ मध्ये दाखवले.

टाळण्याच्या उपायांत पहिला म्हणजे लीड बसवतानाच १० व्होल्टपर्यंत स्पंद देऊन पाहणे. भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध वापरले असल्यास ही चाचणी फसवी ठरते. टेबलावर उताणा असताना शांत असलेला रुग्ण घरी कूस बदलताच तक्रार करू शकतो. विविध रुग्णमालिकांतील प्रमाणांत मोठा फरक आहे. स्थिती बदलून मुद्दाम शोध घेतल्यास ते सुमारे एक तृतीयांशापर्यंत गेल्याचे आढळते.

नंतरच्या उपायांत केवळ व्होल्टेज कमी करणे सोपे वाटते, पण हृदयाचा उद्दीपन-उंबरठा (हृदय चेतवण्यास लागणारे किमान व्होल्टेज) वाढला तर पेसिंगच निष्फळ होते व उपचाराचा हेतू हरवतो. येथे लापिक यांनी १९०९ मध्ये रूढ केलेली क्रोनॅक्सी (दीर्घ स्पंदाला पुरणाऱ्या किमान तीव्रतेच्या दुप्पट तीव्रतेने चेतवण्यास लागणारा स्पंदाचा कालावधी) ही कल्पना उपयोगी पडते. तंत्रिकेची क्रोनॅक्सी हृदयस्नायूपेक्षा कमी असते; म्हणजे अल्पकाळाच्या स्पंदाने तंत्रिका तुलनेने सहज चेतते. म्हणून व्होल्टेज उतरवून स्पंदाचा कालावधी ०.४ मिलिसेकंदांच्या आसपासवरून १ मिलिसेकंद किंवा अधिक केल्यास हृदय प्रतिसाद देते आणि तंत्रिका पुष्कळदा वाचते. बॅटरीवरील भार मात्र लक्षात घ्यावा लागतो.

चार विद्युत अग्रांच्या लीडमुळे (अमेरिकेत मान्यता २०११) लीड न हलवता स्पंदाची दिशा बदलता येते. दोन अग्रांच्या जुन्या लीडच्या तुलनेत पर्याय कितीतरी वाढतात, शिवाय हृदयाच्या टोकापासून दूरचे अग्र निवडता येते. सर्व संयोग अपुरे पडल्यास दुसरी शीर निवडणे किंवा शस्त्रक्रियेने बाह्य पृष्ठावर लीड बसवणे हे मार्ग उरतात. २०१७ नंतर प्रसारात आलेल्या डाव्या बंडल ब्रँच (हृदयातील विद्युत संदेश वाहणाऱ्या तंतूंची डावी शाखा) क्षेत्राच्या पेसिंगमध्ये लीड जवनिकांमधील पडद्यात रोवली जाते. तंत्रिका तिथून दूर असल्याने हा प्रश्न बहुतांशी उद्भवत नाही, मात्र सर्व रुग्णांत सीआरटीची जागा हे पेसिंग घेईल असे इतक्यात म्हणणे घाईचे होईल.

उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) बाजूच्या भिंतीवरील लीडमुळे उजवी फ्रेनिक तंत्रिकाही क्वचित उत्तेजित होते. एकध्रुवी पेसिंगमध्ये (यंत्राची पेटी हाच दुसरा ध्रुव असताना) यंत्राशेजारचा छातीचा स्नायू फडफडू शकतो. द्विध्रुवी पेसिंग (दोन्ही ध्रुव लीडवरच) निवडल्यास तो सहसा थांबतो.