मोबाइलचे इंटरनेट उपग्रहातून येते का?

'मोबाइलचे इंटरनेट थेट उपग्रहातून येते,' हा समज विदर्भातील खेड्यांत जुना आहे, आणि छपरावरील डिशची छत्री रोज पाहणाऱ्याला तो पटावा हे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात मोबाइल रेडिओलहरींनी सहसा जवळच्या टॉवरशी बोलतो. तेथून पुढे माहिती बहुतांशी जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबर केबलमधून, आणि परदेशी जायची असल्यास मुख्यतः समुद्रतळाच्या केबलमधून जाते. जीपीएस मात्र खरोखरच उपग्रहांवर चालते. गोंधळ कदाचित त्यातूनही झाला असावा.

पडताळणी सोपी आहे. डिशचे उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांच्यामार्फत विचारणा जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद लागतील. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये 'पिंग', म्हणजे विचारणा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, पाहावा, तो चांगल्या नेटवर्कवर सहसा १०० मिलिसेकंदांहून कमी दिसतो. शिवाय रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, की गावातले नेट जाते, पण डिशचा टीव्ही सुरूच राहतो.