डोकं फिरवणारा कोणी लागत नाही

ओळखीतला एखादा माणूस राजकारणात एकदम कट्टर झाला, की आपण म्हणतो, कोणीतरी त्याचं डोकं फिरवलं. तसा कोणी नसला तरी चालतं. सारख्या मताची पाच-सात माणसं बोलायला बसली, तरी बऱ्याचदा काम होतं.

२००५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कॅस सनस्टीन, डेव्हिड श्काडे आणि रीड हेस्टी या संशोधकांनी हे करून पाहिलं. बोल्डर हे उदारमतवाद्यांचं शहर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज परंपरावाद्यांचं. दोन्हीकडचे मिळून ६३ नागरिक, त्यांचे १० गट. बोल्डरचे बोल्डरवाल्यांत बसले, स्प्रिंग्जचे आपसांत. विषय तीन: हवामान बदलावरचा आंतरराष्ट्रीय करार, मागे पडलेल्या समाजगटांना प्राधान्य देणारं, आपल्या आरक्षणाशी लांबचं नातं सांगणारं धोरण आणि समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता. आधी प्रत्येकाने आपलं मत गुप्तपणे नोंदवायचं, मग चर्चा करून जमल्यास एकमत करायचं आणि शेवटी पुन्हा एकट्याने, नाव न घालता मत लिहायचं.

खरी गंमत या शेवटच्या कागदात आहे. चारचौघांत माणूस भिडेखातर मान डोलावतो. इथे भीड कसली? तरीही मतं सरकली होती. बोल्डरची आणखी डावीकडे, स्प्रिंग्जची आणखी उजवीकडे. गटातल्या गटात आधी जे मतभेद होते, तेही आटले.

याला मानसशास्त्रात ‘गट ध्रुवीकरण’ म्हणतात. निवडणुकीच्या बातम्यांतलं ध्रुवीकरण म्हणजे समाजाची दोन तटांत विभागणी. इथे एकच गट आपल्याच कलाच्या दिशेने पुढे सरकतो. सर्ज मॉस्कोविची आणि मारिसा झाव्हालोनी या मानसशास्त्रज्ञांना १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांत हेच दिसलं होतं. चर्चेनंतर विद्यार्थ्यांना फ्रान्सचे नेते द गॉल जास्त आवडू लागले, अमेरिकन लोक जास्त खटकू लागले.

असं का होतं? एक तर अशा बैठकीत मुद्दे एकाच बाजूचे निघतात आणि प्रत्येकाला आपल्याच मताची दोन नवी कारणं मिळतात. दुसरं कारण मानाचं. गटाला जे पटतं त्यात आपण इतरांपेक्षा अर्धं पाऊल पुढे असावं, असं वाटतं. सगळ्यांनाच तसं वाटल्यावर अख्खा गट पुढे जातो.

चर्चाच वाईट, असा मात्र याचा अर्थ नाही. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिश्किन यांच्या चर्चेच्या पद्धतीत लोक यादृच्छिक निवडीने येतात, दोन्ही बाजूंची माहिती आधी वाचतात आणि सूत्रसंचालक सगळ्यांना बोलतं करतो. तिथे मतं बदलतात, पण ठरल्यासारखी टोकाकडे जात नाहीत.